कोठारात दिवा नेत नसत

४ मार्च, सोमवार

ही बहिणीकडे जाऊन आज नऊ दिवस झाले. गुडघा दुखतो म्हणून गेली आहे. मेहुणी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथे लिफ्ट नाही, पण चढउतार करून गुडघ्याला व्यायाम होत असावा. सकाळी फोन केला तेव्हा म्हणाली, आठ दिवस कसे गेले कळलंच नाही. मी म्हटलं, नऊ. यंदा फेब्रुवारीला एकोणतीस दिवस होते. त्यावर फोन बंद झाला. तिकडे रेंजचा त्रास दिसतो.

घर शांत आहे. कोणी काही चुकीचं बोलत नाही. तरी करमत नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही हा माझा बेचाळीस वर्षांचा नियम आहे.

संध्याकाळी लेक येऊन गेली. आल्या आल्या तिने फ्रीजवर लावलेला कागद वाचला. 'हिच्या बोलण्यातील नेहमीच्या चुका' अशी ती यादी आहे. ही परत आली की हाताशी असावी म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. लेकीने कागद काढला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला. तिलाही उपयोगी पडेल. मग म्हणाली, तिच्या कॉलेजातला एक मित्र मध्ययुगावर सिनेमा काढतोय, त्याला इतिहासाचा सल्लागार हवाय. नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रात आलेलं माझं पत्र त्याच्या वाचनात आलं असणार. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, 'मध्ययुगातील दिवाबत्ती' हा सहाशे बारा पानांचा प्रबंध लिहिला, त्याची दखल घ्यायला शेवटी कोणीतरी निघालं. लेक म्हणाली, "बाबा, तिथे दिवसभर चुका काढा. हव्या तेवढ्या काढा. पण तिथेच काढून संपवा." अट वाजवी वाटली. हो म्हटलं.

६ मार्च, बुधवार

दिग्दर्शकाला भेटून आलो. पस्तिशीचा असेल, हाफपँट घालतो. पूर्वी खोक्यांचा कारखाना होता त्या शेडमध्ये त्याने प्लायवूडचा किल्ला उभारला आहे. मी तटावर हात ठेवला तर तट हलला. म्हटलं, वेढा बसणार आहे ना, मग तट हलून कसं चालेल. त्याने ते लगेच वहीत लिहून घेतलं. इतक्या आदराने माझं बोलणं शाळेतल्या एकाही वर्गाने लिहून घेतलं नव्हतं.

करारावर सही केली. एकोणीस कलमं होती. सगळी नीट तपासली: तीन ठिकाणी तारीख लिहिण्याची पद्धत सुधारली, पानांना आकडे घातले. कलम नऊमध्ये 'सल्लागाराची छबी व आवाज' असं काहीतरी होतं, तिथे एक स्वल्पविराम कमी होता, तो घातला.

निघताना त्याने टेबलावरची एक पितळी घंटा माझ्या हातात दिली. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून तळहाताने वाजवायची. म्हणाला, "सर, जिथे खटकेल तिथे वाजवा. अजिबात संकोच करू नका." घरी येईपर्यंत मी ती खिशात हाताने धरूनच होतो, वाजू नये म्हणून.

७ मार्च, गुरुवार

पहिला दिवस. घंटा त्रेसष्ट वेळा वाजवली.

कथा अशी: एका राजाला नाचाचं वेड आहे. शत्रू वेढा घालून बसतो, पण राजाला तालमीतून वेळ नाही, त्यामुळे वेढा पडलाय हे त्याच्या लक्षातच येत नाही. शेवटी शत्रू कंटाळतो. मध्ये राणी आणि घोड्यांचा वैद्य यांचं प्रेमप्रकरण आहे. याला शेंडा ना बुडखा, पण कथेत लक्ष घालणं माझ्या कामात बसत नाही.

राजाचे दात फार पांढरे आहेत. शिपायाच्या पायात सपाता होत्या. मुदपाकखान्यात बटाटे होते. बटाटा तेव्हा समुद्रापलीकडे होता आणि इकडे कोणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी घंटा वाजवून उभा राहिलो आणि कारण सांगितलं. कोणी रागावलं नाही. उलट सगळे तोंडावर हात धरून शांतपणे ऐकत होते. कलावंत मंडळी नम्र असतात.

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शक म्हणाला, त्या काळात काय काय नव्हतं याची एक यादीच द्या. तिथेच बसून सत्तेचाळीस वस्तू लिहून दिल्या.

८ मार्च, शुक्रवार

आज पाहतो तो सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वस्तू टेबलांवर मांडलेल्या. मनगटी घड्याळ, थर्मास, झिप, आगपेटी, स्टेपलर, दात घासायचा ब्रश, सगळं ओळीने. सेटवरच्या लोकांना या वस्तू ओळखता याव्यात आणि टाळता याव्यात म्हणून ही व्यवस्था असावी. सामान सांभाळणाऱ्या बाईंचं मी तोंडभरून कौतुक केलं. त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "सर, सायकली तेवढ्या बाराच मिळाल्या." मी म्हटलं, ओळखण्यापुरती एक पुरे होती.

१० मार्च, रविवार

सुट्टी. हिच्या जाण्याचा आणि २३ फेब्रुवारीच्या जेवणाचा काही संबंध नाही, तरी नोंद असावी म्हणून लिहितो.

त्या दिवशी लेकीकडे चार पाहुणे होते. जेवणं झाल्यावर ही आमच्या पहिल्या भेटीची गोष्ट सांगू लागली. ही ती नेहमी सांगते: बसस्टॉपवर हे उभे होते, निळा शर्ट, मी वेळ विचारली, आणि यांनी वेळ अशी काही सांगितली की दोघांची बस निघून गेली तरी यांचं सांगणं चालूच. मी म्हटलं, शर्ट तपकिरी होता. ही म्हणाली, निळा. मी उठलो, चालत घरी आलो, त्या वर्षाची दैनंदिनी काढली आणि परत गेलो. जाऊन येऊन चाळीस मिनिटं. पाहुणे थांबले होते. मी मोठ्याने वाचलं: "११ ऑगस्ट. तपकिरी शर्ट. स्टॉपवर एका मुलीने वेळ विचारली, सांगितली (सहा वाजून दहा मिनिटे). वाचनात गुंग असल्याने बस चुकली. पावणेसातची मिळाली." पुराव्यापुढे कोणाचं काय चालणार? पाहुणे लगेच चपला घालू लागले. दुसऱ्या दिवशी हिचा गुडघा दुखू लागला.

११ मार्च, सोमवार

माझा तिळपापड झाला आहे. बारा सायकलींवर बारा भालाईत बसवले आणि त्याला घोडदळ म्हणून दाखवलं. राजाने घड्याळात पाहून वेढ्याकडे पाठ फिरवली. राणीने तहाचे कागद स्टेपल केले. मी घंटा वाजवत सुटलो, तळहात लाल झाला.

दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "सर, हे मुद्दाम आहे." चूक मुद्दाम केली की ती चूक राहत नाही असं त्याचं म्हणणं. न कळता झाली तर ती चूक, कळून केली तर गंमत. मी विचारलं, मग मला कशाला बोलावलंत? तर म्हणाला, "तुम्ही नसलात तर काय चूक आणि काय बरोबर हेच आम्हाला कळणार नाही. आम्ही नकळत बरोबर करून बसू."

एवढा विश्वास टाकल्यावर सोडून जाणं बरं दिसलं नसतं. राहिलो.

१३ मार्च, बुधवार

कठीण प्रसंग. एका शिपायाने भाला अगदी बरोबर धरला होता. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं, मी घंटा वाजवली नाही. त्याने विचारलं, "सर, बरोबर आहे का?" मी अभिमानाने म्हटलं, तंतोतंत. तो शिपायाला म्हणाला, बदल. त्या बिचाऱ्याला भाल्याऐवजी वायपर दिला.

म्हणजे मी ज्याला बरोबर म्हणेन ते जाणार. हिला फोन करून सांगितलं. ही म्हणाली, मला माहीत आहे कसं वाटतं ते. तिला सिनेमाची माहिती कुठून असणार, पण मी तसं म्हणालो नाही, कारण तेवढ्यात फोन बंद झाला.

१४ मार्च, गुरुवार

आज मी खोटं बोललो.

दरबाराच्या कोपऱ्यात एक समई ठेवली होती. जुन्या बाजारातून कोणीतरी उचलून आणलेली. उंची, तेलाची वाटी, वातीची चोच, सगळं अस्सल वळणाचं. माझ्या प्रबंधात पान तीनशे चारवर तिचं चित्र आहे. एवढ्या प्लायवूडच्या पसाऱ्यात ती एकटी खरी होती. दिग्दर्शकाची नजर तिच्यावर गेली आणि त्याने मला विचारायला तोंड उघडलं. मी घंटा हाणली. म्हटलं, साफ चूक, अशी समई तेव्हा कोणी पाहिलीसुद्धा नसेल. तो खूश झाला. समई राहिली.

आयुष्यातलं पहिलं खोटं. जेवण गेलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

इथे कामात फार ढिलाई. दोन कॅमेरे आहेत, त्यातला दुसरा राखीव असावा. तो नेहमी माझ्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेला असतो. मी तो आजवर दोनदा नीट सेटकडे वळवून दिला. कॅमेरामन आभार मानतो आणि पुन्हा विसरतो. शिवाय माझी खुर्ची रोज थोडी पुढे सरकलेली असते. आज तर ती जवळजवळ सिंहासनाच्या शेजारी होती. एका अर्थी बरं, दात जवळून दिसतात.

१८ मार्च, सोमवार

खोटं पचेना. दिग्दर्शकाला सगळं कबूल केलं: समई खरी आहे, मी तुम्हाला फसवलं, हा राजीनामा. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. समईजवळ जाऊन तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हीही मुद्दाम केलंत."

मी म्हटलं, मी प्रेमापोटी केलं. तो म्हणाला, "आम्ही तरी कशापोटी करतोय?"

या मुलाला वाद घालण्याची पद्धत नाही. पण राजीनामा त्याने घेतला नाही. उलट एक प्रसंग माझ्या हवाली केला. राणी आणि घोड्यांचा वैद्य धान्याच्या कोठारात चोरून भेटतात, तो. हा संपूर्ण बरोबर करायचा, तुम्ही म्हणाल तसा, कोणी मध्ये बोलणार नाही. सहाशे बारा पानं, चौतीस वर्षं, आणि आता दोन मिनिटं माझ्या हातात. आनंदाने हिला फोन लावला. मेहुणीने उचलला, म्हणाली ती जिना चढतेय. पंधरा मिनिटांनी लावला, तेव्हाही चढतच होती.

२० मार्च, बुधवार

तयारी. कोठार खरं बांधून घेतलं: खिडकी नाही, एकच बुटकं दार, कणग्या खऱ्या मापाच्या. राणीला साधं जाडंभरडं घातलं. वैद्याला दात मळवून घ्यायला लावले.

दिव्याने मात्र डोकं चक्रावलं. तेलाची पणती, वात किती जाड, ज्योत किती उंच, सगळं ठरवलं. मग रात्री प्रबंधाचं बारावं प्रकरण पुन्हा वाचलं: 'जिथे दिवा नेत नसत अशा जागा'. धान्याचं कोठार त्यात पहिलंच आहे. पिठाची धूळ, भुसा, आगीची भीती. कोठारात दिवा नेत नसत. मीच लिहिलं आहे. आता काय करणार, दिवा काढला.

२२ मार्च, शुक्रवार

माझा प्रसंग झाला.

दार लावल्यावर कोठारात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. कॅमेरामनने फार नम्रपणे विचारलं की काहीतरी, एखादा किरण. मी म्हटलं, किरण कुठून येणार. दिग्दर्शकाने मला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याला गप्प केलं. चित्रण सुरू झालं. आधी कणगी पडली. मग वैद्य प्रेमाची कबुली देऊ लागला आणि बराच वेळ देत राहिला, शेवटी राणी दुसऱ्याच कोपऱ्यातून म्हणाली, मी इथे आहे. मग कोणीतरी शिंकलं. वैद्याने राणीचा हात हाती घेतला, तो माझा निघाला. मी हळूच म्हटलं, चालू द्या, अगदी अचूक चाललंय.

दोन मिनिटं दहा सेकंद. शेवटी मी घंटा वाजवली नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांचे डोळे पाणावलेले होते, कॅमेरामन तर खाली बसला होता. सत्याचा असा परिणाम होतो.

२८ मार्च, गुरुवार

काम संपलं. घंटा मला भेट दिली. समईसुद्धा. दिग्दर्शक म्हणाला, चाचणीच्या खेळाला या, काकूंनाही आणा. हिच्याबद्दल त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

घरी आलो. समई कुठे ठेवू म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून दिली आहे.

३१ मार्च, रविवार

आज जे सापडलं तेही नियमाप्रमाणे लिहून ठेवतो.

१४ मार्चला मी लिहिलं, 'आयुष्यातलं पहिलं खोटं'. विधान केलं की पडताळावं, म्हणून जुन्या दैनंदिन्या काढून बसलो. सगळ्या चाळल्या. खोटं कुठे सापडेना. मग ती ११ ऑगस्टची नोंद आली. 'वाचनात गुंग असल्याने बस चुकली.' सहज मागचं पान पाहिलं. १० ऑगस्ट: "पाणीपुरवठ्यावरचं पुस्तक वाचनालयात परत केलं. दुसरं घेतलं नाही, सोमवारी जाईन."

म्हणजे ११ ऑगस्टला माझ्या हातात पुस्तक नव्हतं. तेव्हा वर्तमानपत्रही मी विकत घेत नसे, शाळेत वाचत असे. मी काय वाचत होतो? सहा दहाला वेळ सांगितली असं लिहिलं आहे. पावणेसातच्या आधीची बस साडेसहाची असे, ती चुकली. मधली वीस मिनिटं मी तिथे काय करत होतो, आणि वेळ सांगायला तर एक वाक्य लागतं.

दोन्ही पानं शेजारी ठेवून दुपारभर पाहत बसलो. दोन्ही माझ्याच अक्षरात, एकाच शाईत. मुलांना मी शिकवत आलो की लिहिणारा हितसंबंधी असेल तर साधन जपून वापरावं. मुलीसाठी बस सोडली हे लिहायला त्या दिवशी मी लाजलो असणार. मग हिच्या गोष्टीत शर्ट चुकला आहे आणि माझ्या नोंदीत सगळंच. याला दिव्याखाली अंधार म्हणतात, आणि मी तर दिव्यांवरच प्रबंध लिहिला.

हिला फोन केला. म्हटलं, कशी आहेस. म्हणाली, बरी आहे, बघता बघता महिना झाला नाही का. छत्तीस दिवस झाले होते. आकडा अगदी ओठांवर आला. मी म्हटलं, हो, महिना झाला. मग हिने विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" जे सांगायचं होतं ते काही फोनवर सांगता येईना. ठीक आहे म्हटलं.

१५ जून, शनिवार

मध्ये लिहिण्यासारखं काही घडलं नाही. एकदा दूध उतू गेलं, आणि मेहुणीकडे चारदा जाऊन आलो. तिथे साडू हवामानाबद्दल चुकीचं बोलत राहतात आणि मी मान हलवतो. ही तिथे बसलेली असते. परत ये म्हणण्याची हिंमत झाली नाही.

आज चाचणीचा खेळ होता. दीडशे माणसं. लेक हिला घेऊन आली आणि आम्हा दोघांच्या मधली खुर्ची तिने स्वतःची पर्स ठेवून अडवली.

सुरुवातीलाच तट हलला. पुढे सिनेमाभर, जो कोणी टेकेल त्याच्यासाठी तो हलत राहिला. मग दरबार आला, राजा नाचू लागला, आणि सिंहासनाच्या शेजारी, घडीच्या खुर्चीत, हातात घंटा घेऊन मी. स्वेटर घातलेला मी. राजाने थर्मास उघडला, पडद्यावरचा मी टण्णकन घंटा वाजवून उभा राहिलो आणि म्हणालो, असं नव्हतं. सगळं थिएटर हसलं. सायकलीवर घोडदळ आलं, टण्ण, असं नव्हतं. पुढे पुढे मी उठायच्या आधीच लोक हसू लागले. एक बाई तर माझ्याबरोबरच म्हणाल्या. मध्ययुगात जे जे नव्हतं त्यात सत्तेचाळीस वस्तू मी लिहून दिल्या होत्या, अठ्ठेचाळिसावा मीच होतो.

कलम नऊ आठवलं. उठून जाणार होतो. तेवढ्यात कोठाराचं दार लागलं आणि पडदा काळा झाला.

पूर्ण काळा. थिएटरमध्ये कोणालाच काही दिसेना. लोकांना वाटलं यंत्र बिघडलं. मग कणगी पडल्याचा आवाज आला. वैद्याचं प्रेम सुरू झालं. राणी दुसऱ्या कोपऱ्यातून बोलली. आणि मग त्या काळोखात माझा आवाज: 'चालू द्या, अगदी अचूक चाललंय.' दीडशे माणसं एकदम फुटली. सिनेमातला एकमेव बरोबर प्रसंग, आणि सगळ्यांत जास्त हसू त्यालाच.

मी रागावणारच होतो. पण त्या हसण्यात मला एक हसणं वेगळं ऐकू आलं. आधी श्वास आत, मग एक उचकी, मग थांबतच नाही. ही अशी हसते. शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना, आणि मला तारखा आठवतात. पर्सच्या पलीकडे अंधारात ही हसत होती, आणि मला वाटलं, ही दोन मिनिटं दहा सेकंद संपू नयेत. ती संपली. बाकीच्या सिनेमात काय होतं ते मला सांगता येणार नाही.

बाहेर लेक गाडी काढायला गेली ती आलीच नाही. आम्ही बसस्टॉपवर उभे राहिलो. मी विचारलं, गुडघा कसा आहे. ही म्हणाली, "गुडघ्याला काय झालंय?"

बस आली. मी म्हटलं, तुझी बस. ही म्हणाली, बघितली. बस गेली.

मग मी सांगितलं. ११ ऑगस्टला माझ्या हातात पुस्तक नव्हतं. आदल्याच दिवशी परत केलं होतं. नोंद खोटी आहे. हे सांगताना मी इतका घाबरलो होतो की वाक्य दोनदा सुरू केलं. ही समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होती. म्हणाली, "माहीत आहे. हात रिकामेच होते, आणि ते कुठे ठेवायचे हे तुम्हाला कळत नव्हतं."

मी म्हटलं, चारचौघांत मी ते वाचून दाखवलं तेव्हा का नाही बोललीस. हिने चष्मा पदराने पुसला. मग म्हणाली, "शर्टही तपकिरीच होता. कॉलर विरलेली होती आणि खिशाखाली शाईचा हा एवढा डाग. अडतीस वर्षं लोकांना गोष्ट सांगतेय, तो डाग घेऊन उभं करू होय तुम्हाला? म्हणून निळा घातला."

हिने ते मुद्दाम केलं होतं. अडतीस वर्षं, प्रत्येक वेळी, पूर्ण माहीत असून. आणि मी दरवेळी घंटा वाजवत आलो.

दुसरी बसही गेली. कितीची होती ते पाहिलं नाही.

३१ जून

आज ही परत आली. चार पांढऱ्या घोड्यांच्या रथातून आली. मागून साडू सायकलवर बॅग घेऊन आले, त्यांच्या हातात भाला होता आणि तो त्यांनी अगदी बरोबर धरला होता. मेहुणीने तुतारी वाजवली. समई ओट्यावर लावलेली होती, आणि ही म्हणाली, किती सुंदर आहे, कुठून आणलीत. मी म्हटलं, राजाने दिली.

रथ वळला तेव्हा मी दारातच उभा होतो. निळा शर्ट घातला होता.